नैसर्गिक तेलपाझराचा सागरी जीवसृष्टीवरील परिणाम कसा तपासावा

कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा शहराच्या पश्चिमेला, गोलीटा गावालगतच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलेल्या माणसाच्या तळव्यांना काळे, चिकट डांबर लागलेले असते. नवखा पाहुणा विचारतो, "हे तेल सांडले कोणी?" आणि तिथला रहिवासी बहुधा सांगतो, "कोणीच नाही, ते इथे पूर्वीपासूनच येते." पाहुणा तेल दिसताच गुन्हेगार शोधू लागतो, रहिवासी, गुन्हेगार नाही म्हणजे नुकसानही नाही, असे धरून चालतो. नैसर्गिक तेलपाझराचा समुद्रातील जिवांवर काय परिणाम होतो हे ज्याला खरोखर तपासायचे आहे, त्याने या दोन्ही समजुती बाजूला ठेवून कामाला लागावे. पुढील मार्गदर्शन सागरी जीवशास्त्राचे विद्यार्थी, किनाऱ्यावर नियमित निरीक्षण करणारे हौशी अभ्यासक आणि या विषयावर लिहिणारे वार्ताहर यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. उदाहरण मुख्यत्वे गोलीटाजवळच्या कोल ऑइल पॉइंटचे घेतले आहे, कारण जगातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या सागरी तेलपाझरांपैकी तो एक आहे.

सुरुवातीलाच दोन शब्द वेगळे करून घ्यावेत. विहिरीच्या काठातून पाणी पाझरते, तसे सागरतळाखालच्या खडकांतून भेगांवाटे तेल आणि वायू वर येतात. त्याला पाझर म्हणावे. जहाज, नळ, विहीर किंवा टाकी फुटून तेल समुद्रात जाते, ती गळती. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींना सरसकट "तेलगळती" म्हटले जाते आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते, कारण दोन्हींमध्ये पदार्थ जवळजवळ तोच असला तरी तो समुद्रात येण्याचा वेग, जागा आणि कालावधी पूर्णपणे वेगळे असतात. परिणाम ठरतो तो या तीन गोष्टींवर.

जागेची पूर्वपीठिका

नमुना घेण्याआधी नकाशा आणि इतिहास पाहावा. कोल ऑइल पॉइंटच्या समोरच्या समुद्रतळाखाली मॉन्टेरी नावाचा खडकस्तर आहे. लाखो वर्षांपूर्वी डायटमसारख्या सूक्ष्म जिवांचे अवशेष साचून तो तयार झाला असून त्यातील तेल जड आणि गंधकयुक्त आहे. भूहालचालींमुळे या स्तराला घड्या पडल्या, भेगा पडल्या, आणि दाबाखालचे तेल व वायू त्या भेगांतून उथळ समुद्रात, सुमारे 20 ते 80 मीटर खोलीवर, बाहेर येऊ लागले. रोज साधारण 100 बॅरल, म्हणजे जवळपास 16,000 लिटर तेल आणि सुमारे 1 लाख घनमीटर वायू या परिसरातून बाहेर पडतो असा अंदाज आहे. वायूचे प्रमाण एवढे आहे की 1982 मध्ये एका तेल कंपनीने त्यातील एका मोठ्या पाझरावर, सुमारे 30 मीटर चौरस पायाचे, पिरॅमिडच्या आकाराचे दोन पोलादी तंबू समुद्रतळावर बसवले आणि त्यांत अडकलेला वायू नळाने किनाऱ्यावर आणला.

हा पाझर किती जुना, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी असलेले चुमाश लोक 'टोमोल' नावाच्या फळ्यांच्या होड्या बांधत आणि फळ्यांमधल्या फटी याच डांबराने बुजवत. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर याने 1793 मध्ये सांता बार्बारा खाडीतून जाताना समुद्रावर पसरलेल्या, डांबरासारख्या वासाच्या तवंगाची नोंद केली. ज्या ठिकाणी तेल शेकडो, हजारो वर्षे येत आहे, तिथल्या गाळात आज जे जीव आढळतात, ते त्या तेलासह जगण्याची क्षमता असलेलेच आहेत. ज्यांना ते सोसत नव्हते ते तिथे टिकलेच नाहीत. म्हणून पाझराजवळ भरपूर जीव दिसले, एवढ्यावरून "तेल निरुपद्रवी आहे" असे म्हणणे म्हणजे वाळवंटातले निवडुंग पाहून पाण्याची गरज नाही असे म्हणण्यासारखे आहे.

तवंग वाचण्याची रीत

पाझराचे पृष्ठभागावरचे रूप म्हणजे तवंग. तो वारा पडलेल्या सकाळी उत्तम दिसतो. लाटांच्या बारीक सुरकुत्या तेलामुळे दबतात, त्यामुळे तवंगाचा पट्टा आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गुळगुळीत वाटतो. जिथून बुडबुडे वर येतात त्या ठिकाणी पाणी उकळल्यासारखे दिसते आणि डांबराचा वास येतो. होडीने गेल्यास बुडबुड्यांच्या दाट पट्ट्यात थांबू नये, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहावे आणि विस्तव लांब ठेवावा, कारण तिथला वायू मुख्यतः मिथेन असतो. मात्र केवळ गुळगुळीतपणावरून तेल आहे असे ठरवू नये. प्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांपासून, आणि सागरी शैवालापासून सुटणाऱ्या द्रव्यांमुळेही पाणी गुळगुळीत दिसते, पण त्यावर सहसा इंद्रधनुष्याचे रंग उमटत नाहीत.

तवंगाच्या रंगावरून त्याची जाडी ओळखता येते. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी बॉन कराराखाली त्यासाठी एक संकेत ठरवला आहे. त्यानुसार चंदेरी-करडा तवंग 0.04 ते 0.3 मायक्रोमीटर, इंद्रधनुषी तवंग 0.3 ते 5 मायक्रोमीटर आणि धातूसारखा चकाकणारा तवंग 5 ते 50 मायक्रोमीटर जाड असतो. तेलाचा खरा काळा-तपकिरी रंग दिसू लागला तर जाडी त्याहून अधिक असते. हिशेब सोपा आहे. 1 किलोमीटर लांब आणि 100 मीटर रुंद असा इंद्रधनुषी पट्टा दिसला, तर त्यात 30 ते 500 लिटर तेल असते. डोळ्यांना समुद्रभर पसरलेले वाटणारे तेल प्रत्यक्षात दोन-तीन पिंपांतही मावू शकते, हे पहिल्यांदा आकडेमोड करणाऱ्याला खरे वाटत नाही. अर्थात हा संकेत विमानातून खाली पाहणाऱ्यासाठी आहे. किनाऱ्यावरून तिरप्या नजरेने पाहताना रंग फसवतात, म्हणून तिथून जाडीचा अंदाज लिहू नये, फक्त रंग आणि वेळ लिहावी.

उपग्रहाची मदत घेता येते, तीही विनामूल्य. युरोपीय सेंटिनेल-1 उपग्रहाच्या रडार प्रतिमांत तेलाचा पट्टा काळा दिसतो. वारा सेकंदाला साधारण 2 ते 10 मीटर असताना घेतलेल्या प्रतिमाच निवडाव्यात. त्याहून कमी वाऱ्यात सगळाच समुद्र काळा दिसतो आणि जास्त वाऱ्यात तवंग फुटून जातो. पाझराची खरी खूण एका प्रतिमेत सापडत नाही. वेगवेगळ्या महिन्यांच्या अनेक प्रतिमा एकावर एक ठेवल्या असता पट्ट्यांची शेपटे वाऱ्या-प्रवाहानुसार निरनिराळ्या दिशांना गेलेली दिसतात, पण त्यांची टोके पुन्हा पुन्हा त्याच बिंदूवर येतात. जहाजाने सोडलेल्या तेलाचा पट्टा जहाजाच्या मार्गाने लांबत जातो आणि पुन्हा त्याच जागी उगवत नाही.

डांबरगोळ्याचा नमुना

तवंगातील हलके घटक काही तासांतच हवेत उडून जातात, उरलेले तेल घट्ट होते, त्यात वाळू आणि गाळ मिसळतो आणि डांबरगोळे तयार होतात. त्यांतले काही किनाऱ्याला लागतात आणि बरेचसे जड होऊन तळाशी बसतात. कोल ऑइल पॉइंटच्या परिसरातील गाळ तपासून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तळाशी साचलेल्या या तेलाचे प्रमाण अलास्कात 1989 मध्ये 'एक्सॉन वाल्डेझ' या टँकरमधून सांडलेल्या तेलाच्या 8 ते 80 पट असल्याचा अंदाज मांडला गेला. तेव्हा तवंग दिसेनासा झाला म्हणजे तेल संपले, असे मानू नये. त्याने फक्त मुक्काम बदललेला असतो.

गोळा उचलताना प्लॅस्टिकचा स्पर्श टाळावा, कारण प्लॅस्टिकमधील द्रव्ये तेलात उतरून विश्लेषण बिघडवतात. धातूची स्वच्छ पट्टी किंवा चमचा वापरून गोळा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावा किंवा काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घ्यावा आणि तो शक्य तितक्या लवकर थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश, भरती-ओहोटीची स्थिती, वाऱ्याची दिशा आणि गोळा मऊ होता की कडक झालेला, या गोष्टी जागेवरच लिहाव्यात. घरी गेल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदीवर विसंबता येत नाही. कोल ऑइल पॉइंटला जाणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. तिथला किनारा विद्यापीठाच्या राखीव क्षेत्रात असून वाळूवर स्नोई प्लोव्हर हे छोटे पक्षी घरटी करतात, त्यामुळे दोरी लावलेल्या भागात नमुन्यासाठीसुद्धा पाऊल टाकू नये. तळव्यांना लागलेले डांबर मात्र साबणाने घासत बसू नये. ते खोबरेल तेलाने सहज निघते.

रंग, वास किंवा चिकटपणा यांवरून गोळ्याचा उगम ठरवता येत नाही, हे कितीही वेळा सांगितले तरी थोडेच. उगम ठरतो तो तेलाच्या रासायनिक ठशावरून. तेलात प्राचीन जिवांच्या पेशींपासून उरलेले होपेन, स्टेरेन यांसारखे अतिशय टिकाऊ रेणू असतात, आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्राचे वेगळे असते. मॉन्टेरी स्तराच्या तेलात बिसनोरहोपेन नावाचा रेणू ठळकपणे आढळतो, आणि अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याने याच पद्धतीने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील डांबरगोळ्यांचा उगम शोधला आहे. ही पद्धत अडते कुठे तेही लक्षात ठेवावे. 19 मे 2015 रोजी याच किनाऱ्यावर रेफ्युजिओ येथे जमिनीवरचा तेलनळ फुटला, तेव्हा नळातले तेल आणि पाझरातले तेल दोन्ही मॉन्टेरी स्तराचेच असल्याने ठसे जवळजवळ सारखे निघाले, आणि त्यांच्यात भेद करण्यासाठी तेल किती जुने, किती हवा-ऊन खाल्लेले आहे, इथवर बारकाईने पाहावे लागले.

सागरतळ: अभ्यासाचा गाभा

पाझराचा खरा परिणाम पृष्ठभागावर नव्हे, तळाच्या गाळात दिसतो, म्हणून वेळ आणि पैसा यांचा मोठा भाग इथे खर्च करावा. पाझराच्या तोंडापासून दूर जाणाऱ्या रेषेवर किमान तीन-चार ठाणी निवडावीत आणि प्रत्येक ठाण्यावर गाळाचे अनेक उभे नमुने नळीने काढावेत. तुलनेसाठी निवडलेले पाझरविरहित ठाणे त्याच खोलीवरचे आणि तशाच कणांच्या गाळाचे असले पाहिजे. ही अट सैल सोडली तर पुढचे सगळे काम वाया जाते, कारण चिखल आणि वाळू यांतील जीव मुळातच वेगळे असतात, आणि तो फरक चुकून तेलाच्या माथी मारला जातो. प्रत्येक नमुन्यात तेलाचे प्रमाण, हायड्रोजन सल्फाइड, कणांचा आकार आणि जिवांची संख्या व प्रजाती, या चारही गोष्टी मोजाव्यात.

अशा कामाचा आदर्श म्हणून रॉबर्ट स्पाइस आणि पॉल डेव्हिस यांनी कोल ऑइल पॉइंटजवळच्याच इस्ला व्हिस्टा पाझरावर केलेला अभ्यास पाहावा, जो 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. पाझराजवळचा गाळ मृतवत असेल अशी अपेक्षा असताना त्यांना तिथे तुलनेच्या ठाण्यासारख्याच प्रजाती आणि जिवांची अधिक दाट वस्ती सापडली. त्याचे कारण जिवाणूंत आहे. काही जिवाणू तेल खातात. ऑक्सिजन संपलेल्या थरात दुसरे जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून ते पचवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्या सल्फाइडवर बेगियाटोआ नावाचे तंतुमय जिवाणू जगतात आणि गाळावर पांढऱ्या सायीसारखा थर धरतात. हा पांढरा थर दिसला की पाझर जवळच आहे असे पाणबुडे समजून जातात. या जिवाणूंना सूत्रकृमी खातात, सूत्रकृमींना आणि कुजणाऱ्या द्रव्याला वलयी कृमी व इतर प्राणी खातात, आणि तेलातला कार्बन हळूहळू अन्नजाळ्यात वर चढतो.

हा कार्बन खरोखर तेलाचाच आहे हे कसे सिद्ध करावे? लाखो वर्षे जुन्या तेलात किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, तर आजच्या शैवालात आणि प्लवकांत तो असतो. त्यामुळे पाझराजवळच्या प्राण्याच्या शरीरात किरणोत्सारी कार्बन नेहमीपेक्षा कमी आढळला, तर त्याने तितक्या प्रमाणात तेलापासून आलेले अन्न खाल्ले आहे, असा निष्कर्ष निघतो. इस्ला व्हिस्टा पाझरावर 1990 च्या सुमारास नेमके हेच दाखवले गेले. मला ही तपासणी या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

तरीही "पाझरामुळे जीव वाढतात" असे एका वाक्यात लिहून मोकळे होऊ नये. तोंडाशी, जिथे गाळ तेलाने थबथबलेला आणि सल्फाइडने भरलेला असतो, तिथे मोजक्याच सोशीक प्रजाती तग धरतात. थोड्या अंतरावर विषारीपणा कमी होतो पण अन्न अजून पोचते, तिथे संख्या वाढते. आणि आणखी दूर गेल्यावर नेहमीची स्थिती येते. एकाच ठाण्यावर नमुने घेतल्यास या तीन पट्ट्यांपैकी कोणताही एक हाती लागतो आणि अभ्यासकाला हवा तो निष्कर्ष काढता येतो. वादात दोन्ही बाजू एकाच पाझराचा दाखला देताना दिसतात, त्यामागे बहुधा हेच असते.

मासे आणि पक्षी

संख्या मोजून थांबू नये, शरीरातही पाहावे. तेलातील बहुचक्रीय अरोमॅटिक हायड्रोकार्बन, ज्यांना संक्षेपाने पीएएच म्हणतात, शरीरात गेल्यावर माशांच्या यकृतात त्यांचे विघटन करणारे सायटोक्रोम पी-450-1ए हे विकर (एन्झाइम) वाढते. हे विकर वाढलेले असणे म्हणजे माशाचा तेलाशी संबंध आल्याची खूण. ती आजाराची खूण असेलच असे नाही. कोल ऑइल पॉइंटजवळच्या सर्फपर्च माशांवर 1990 च्या दशकात झालेल्या अभ्यासात हे विकर वाढलेले आढळलेच, शिवाय कल्ल्यांत विकृतीही दिसल्या. म्हणजे ज्या पाझरापाशी गाळातले कृमी सुखाने नांदत होते, तिथलेच मासे त्याची किंमत मोजत होते. माशांची अंडी आणि पिल्ले यांची तपासणी वेगळी करावी, कारण पीएएचमुळे भ्रूणाच्या हृदयाची वाढ बिघडते आणि पारदर्शक शरीराच्या पिल्लांत हे पदार्थ सूर्यप्रकाशात अधिक विषारी ठरतात.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र "अनुकूलन" हा शब्द उच्चारूही नये. पाझर किती जुना आहे याच्याशी पिसांना काही देणेघेणे नसते. तेल लागले की पिसांची घट्ट वीण सुटते, थंड पाणी त्वचेपर्यंत पोचते, तरंगण्याची शक्ती जाते, आणि चोचीने पिसे साफ करताना तेल पोटात जाते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 2005 ते 2010 या काळात सापडलेल्या तेलग्रस्त पक्ष्यांच्या अभ्यासात कॉमन मर हा पक्षी सर्वाधिक वेळा आढळला आणि बहुतेक पक्ष्यांना लागलेले तेल नैसर्गिक पाझराचे निघाले. जानेवारी 2005 मध्ये व्हेंचुराच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक पक्षी, मुख्यतः वेस्टर्न ग्रीब जातीचे, तेलाने माखलेले सापडले. कोणते जहाज, कोणता नळ असा शोध सुरू झाला आणि रासायनिक ठशाने बोट दाखवले ते नैसर्गिक तेलाकडे. किनाऱ्यावर तेलग्रस्त पक्षी दिसल्यास त्याला स्वतः धुण्याचा प्रयत्न करू नये, समुद्रातही परत ढकलू नये. पिसाचा एखादा तेलकट तुकडा नमुना म्हणून ठेवण्याचे काम आणि पक्ष्याची शुश्रूषा, दोन्ही प्रशिक्षित माणसांवर सोपवावी.

खोल पाण्यातील वेगळा हिशेब

मेक्सिकोच्या आखातात पाझर शेकडो ते हजारो मीटर खोल असतात आणि तिथे परिणाम तपासण्याची पद्धत बदलते. तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही, अन्नाची वानवा असते, त्यामुळे तेल आणि मिथेन हेच अख्ख्या वस्तीचे भांडवल होते. शिंपले आपल्या कल्ल्यांत मिथेन खाणारे जिवाणू पाळतात. लॅमेलिब्रॅकिया जातीचे नलिकाकृमी गाळात मुळांसारखे अवयव खुपसून सल्फाइड शोषतात; दोन मीटरपर्यंत लांब होणाऱ्या अशा कृमीचे वय 170 ते 250 वर्षे असल्याचे वाढीच्या मापनावरून दिसून आले आहे. 1997 मध्ये तर मिथेन-बर्फाच्या ढेकळांतच बिळे करून राहणारे कृमी सापडले. आखाताच्या दक्षिण भागात सुमारे 3,000 मीटर खोलीवरच्या चापोपोते टेकडीवर डांबर लाव्ह्यासारखे वाहून थिजले आहे आणि त्यावरही नलिकाकृमींची वस्ती आहे. अशा ठिकाणी दरवर्षी जाऊन संख्या मोजण्यात अर्थ नसतो, कारण शतकभर जगणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यात दोन-तीन वर्षांत काही घडतच नाही. त्याच जागेची छायाचित्रे दीर्घ अंतराने घेऊन तुलना करावी.

पृष्ठभागावरचा एक परिणाम इथे अनपेक्षित होता. 2016 मध्ये नायजेल डिसूझा, अजित सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आखातातील काही पाझरांच्या वर वनस्पतिप्लवकांचे हरितद्रव्य आजूबाजूच्या पाण्याच्या दुपटीपर्यंत जाते. हे ऐकताच "तेल म्हणजे खत" अशी मथळ्याची घाई होते. प्रत्यक्षात वर चढणारे बुडबुडे आपल्याबरोबर खोलातले थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी ओढून आणतात आणि प्लवक वाढतात ते त्या पोषकांवर. म्हणून हरितद्रव्य मोजणाऱ्याने नायट्रेट आणि तापमान त्याच वेळी, त्याच खोलीवर मोजावे. नाहीतर श्रेय भलत्यालाच जाते.

गळतीशी तुलना करताना

पाझराचा विषय निघाला की "निसर्गच इतके तेल सोडतो, मग माणसाच्या गळतीचा एवढा बाऊ कशाला?" हा युक्तिवाद हमखास येतो. त्याला उत्तर आकड्यांनी द्यावे. सांता बार्बारा खाडीत 28 जानेवारी 1969 रोजी एका तेलविहिरीचा स्फोट झाला आणि 80,000 ते 1,00,000 बॅरल तेल समुद्रात गेले. कोल ऑइल पॉइंटच्या पाझराला तेवढे तेल सोडायला 800 ते 1,000 दिवस लागतील. मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरीवर झालेल्या 2010 च्या डीपवॉटर होरायझन दुर्घटनेत अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार सुमारे 49 लाख बॅरल तेल 87 दिवसांत, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर खाली, एकाच ठिकाणी बाहेर आले. आखातातील सगळे पाझर मिळून वर्षाला सुमारे 1,40,000 टन, म्हणजे साधारण 10 लाख बॅरल सोडतात, असा 2003 चा अंदाज आहे, आणि तेही हजारो चौरस किलोमीटरवर थेंबाथेंबाने. जवळपास पाच वर्षांचा अख्ख्या आखाताचा वाटा एका भोकातून तीन महिन्यांत आला, असा त्याचा अर्थ.

त्या दुर्घटनेत तेल खाणारे जिवाणू झपाट्याने वाढले आणि त्यांनी बरेच तेल संपवले, हे खरे आहे. पाझरांमुळे ते आखातात आधीपासून होतेच. पण विहिरीपासून 11 किलोमीटरवर खोल पाण्यातली प्रवाळे तपकिरी मळीने माखून आजारी पडली, हेही खरे आहे. अशी प्रवाळे ज्या कठीण चुनखडीवर वाढतात, ती चुनखडी आखातात बहुतेक ठिकाणी जुन्या पाझरांवरच्या जिवाणूंनीच घडवलेली असते. पाझराच्या पायावर उभे असलेले जीवही गळती सोसू शकले नाहीत, यापेक्षा अधिक बोलका पुरावा मला माहीत नाही.

याच संदर्भात 1999 चा एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. कोल ऑइल पॉइंटजवळच्या प्लॅटफॉर्म हॉली या समुद्रातील तेल काढण्याच्या मंचावरून तेल काढल्यामुळे भूगर्भातील दाब कमी झाला आणि त्याच्या आसपासचा पाझर 22 वर्षांत निम्म्याने घटला, असे त्यात दिसले. निरीक्षण महत्त्वाचे आहे, पण ते एका साठ्याचे, एका मंचाभोवतीचे आहे. "तेल काढा म्हणजे समुद्र स्वच्छ होईल" असा सर्वसाधारण नियम त्यातून निघत नाही.

जागतिक आकडे वापरताना मापाचे एकक तपासावे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 2003 च्या अहवालात समुद्रात जाणाऱ्या एकूण तेलापैकी सुमारे 46 टक्के, म्हणजे वर्षाला 6 लाख टन, पाझरांचे असल्याचे म्हटले होते. त्या अंदाजाची खालची मर्यादा 2 लाख आणि वरची 20 लाख टन होती, हे उद्धृत करणारे बहुधा गाळतात. उलट 2014 ते 2019 मधील उपग्रह प्रतिमांवर आधारित, 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातील तेलतवंगांच्या क्षेत्रफळापैकी सुमारे 94 टक्के मानवनिर्मित निघाले. पहिला आकडा वजनाचा, दुसरा पसरलेल्या क्षेत्राचा. एकाला दुसऱ्याने खोडून काढता येत नाही.

गोवा आणि कोकण किनाऱ्यावर

हीच रीत आपल्या किनाऱ्यावर वापरताना कॅलिफोर्नियाचे निष्कर्ष सोबत आणू नयेत. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, साधारण मे ते सप्टेंबरमध्ये, गोव्याच्या कळंगुट, कोलवा, बाणावली यांसारख्या किनाऱ्यांवर डांबरगोळे येतात, आणि ते पाहून "समुद्रातून नैसर्गिकच येतात" असे कोणीतरी म्हणतेच. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी या गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले असता, रोख मुंबईच्या पश्चिमेकडील तेलक्षेत्रांतल्या तेलाकडे आणि टँकरमधून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तेलाकडे गेला. वाऱ्या-प्रवाहांमुळे ते पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, म्हणून त्यांचे येणे ऋतुचक्रासारखे नियमित वाटते, आणि नियमिततेलाच लोक नैसर्गिकपणा समजतात.

तेव्हा रत्नागिरीपासून काणकोणपर्यंत कुठेही गोळा सापडला, तर वर सांगितल्याप्रमाणे काचेच्या बाटलीत घ्यावा, ओल्या वाळूच्या रेषेपासूनचे अंतर मोजावे, त्या आठवड्यातील वाऱ्याची दिशा हवामान खात्याच्या नोंदीतून उतरवावी, आसपासच्या खडकांवरील कालवे व शंख यांवर डांबर चिकटले आहे का ते पाहून छायाचित्र काढावे आणि पंधरा दिवसांनी त्याच खडकाचे पुन्हा छायाचित्र घ्यावे. नोंदवहीतील "उगम" या रकान्यात मात्र प्रयोगशाळेचा ठसा हाती येईपर्यंत "पाझर" किंवा "गळती" यांपैकी कोणताही शब्द लिहू नये. तो रकाना महिनाभर रिकामा राहिला तरी चालतो. बाटलीवरची जागा आणि वेळ मात्र त्याच क्षणी लिहिलेली असावी.